फसली सालातलं चौदावं शतक

"सर, हे दुर्मिळ ग्रंथात आहे. काढता येनार नाई."

ग्रंथालयात मला हवा होता हैदराबाद संस्थानाचा प्रशासन अहवाल, साल 1346 फसली. त्यातही महसुलाच्या प्रकरणातला एक तक्ता. दहा मिनिटांचं काम. पिशवी टोकनवर ठेवली, पेन काढून पेन्सिल घेतली, मागणी-चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहिला, सगळं शहाण्या मुलासारखं केलं. तरी ऑपरेटरने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. प्रकाशन वर्ष: 1346. शेजारी लाल अक्षरांत 'दुर्मिळ'.

म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीला पन्नास वर्षं झाली, गुटेनबर्गला यायला अजून शतक होतं, आणि तेवढ्यात निजामाच्या सरकारी छापखान्याने हा अहवाल छापून टाकला. इंग्रजीत.

"अहो, हे फसली साल आहे. यात 590 मिळवा."

"आसं मनानं कसं मिळवता येईल, सर?"

मनाने नाही, हिशोबाने. फसल म्हणजे पीक. सारा पिकावर वसूल व्हायचा आणि हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं. त्यामुळे वसुलीची तारीख दरवर्षी सुगीच्या मागे-पुढे घसरायची. म्हणून शहाजहानच्या काळात दख्खनेत हिजरी 1046 हेच फसली 1046 धरलं आणि पुढे ते सौर वर्षाने चालवलं. तेव्हा इसवी सन होतं 1636. वजाबाकी करा, 590 येतात. निजामाच्या कारभारात वर्ष 6 ऑक्टोबरला सुरू व्हायचं, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 590 आणि 1 जानेवारीपासून पुढे 591. पोलीस कारवाईनंतरही हे चालू होतं. जहागिरी रद्द करणारा कायदा 1358 फसलीचा, तो आला ऑगस्ट 1949 मध्ये. मराठवाड्यात जुनी जमीन ज्याच्या घरात आहे त्याच्या ट्रंकेत हे आकडे सापडतात. फक्त ग्रंथालयाच्या संगणकाला ते माहीत नाहीत.

हे सगळं मी काउंटरवर उभ्याउभ्या सांगितलं. ऑपरेटर शांतपणे ऐकत होता, शेजारी उभा असलेला मुलगा मात्र शांत नव्हता. अभ्यासिकेत खुर्ची मिळेना म्हणून तो अर्ध्या तासापासून काउंटरला टेकून होता. आतल्या प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि वही बसलेली, त्यांचे मालक चहाला. पाठीवर सॅक, हातात चालू घडामोडींचं मासिक.

"सर, बोलू का थोडं? तेराशे सेहेचाळीस म्हंजे मुहम्मद बिन तुघलक. राजधानी देवगिरीला नेली 1327. बहमनी राज्याची स्थापना 1347, तीबी दौलताबादलाच. म्हंजे हे बहमनीच्या एक वर्ष आधीचं."

"बाळा, यावर निजाम लिहिलंय."

"कितवा, सर?"

"सातवा."

तो थबकला. आता कबूल करेल असं वाटलं. "आसफजाही 1724 पासून," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग माझ्याकडे दयेने पाहत, "म्हंजे निजामानं जुनं पुस्तक नंतर सांभाळून ठेवलं असंल, सर."

"ते इंग्रजीत आहे!"

"भाषांतर असंल."

ऑपरेटरने मान डोलावली. इतका वेळ त्याच्याकडे फक्त स्क्रीन होती, आता साक्षीदारही मिळाला. मुलाचं एकही साल चुकीचं नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. वर त्याने मला समजावलं की असा प्रश्न आला तर 'वरीलपैकी नाही' या पर्यायावर जायचं नसतं, तिथे निगेटिव्ह मार्किंग आहे. फसली वर्षात चक्क बहमन नावाचा एक महिनाही असतो. तेवढं मी त्याच्यापासून लपवून ठेवलं.

चूक कुठे झाली ते सरळ आहे. नोंदीचा नियम असा की शीर्षकपानावरचं साल आहे तसं उतरवायचं आणि लगेच चौकोनी कंसात इसवी सन द्यायचं: 1346 फसली [1936-37]. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदीची जी मार्क (MARC) पद्धत आहे, तिच्यात हे 260 क्रमांकाच्या फील्डमध्ये म्हणजे रकान्यात जातं, नव्या नियमांनी 264 मध्ये. आणि 008 क्रमांकाच्या फील्डमध्ये सालाच्या ज्या चार जागा असतात तिथे निव्वळ इसवी सन. मात्र जुन्या संग्रहाची संगणकीय नोंद कंत्राटाने झाली, नगावर पैसे. नगावर पैसे असले की कोण पुस्तक कपाटातून काढून शीर्षकपान उघडतो? समोर दाखलनोंदवही ठेवायची आणि आकडे बडवायचे. नोंदवहीत कुण्या जुन्या ग्रंथपालाने सुवाच्य अक्षरात 1346 लिहिलेलं. त्याच्या काळी फसली म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. पुढे कुणीतरी आदेश दिला की 1900 च्या आधीचं सगळं दुर्मिळ करा. झालं. निजामाचं अख्खं राज्य एका क्लिकमध्ये कुलपात गेलं. शके 1871 चं पंचांगसुद्धा दुर्मिळ आहे तिथे. 78 मिळवा, 1949 येतं.

अशा नोंदींत शोधणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. 1918 मध्ये निजामाला 'एक्झॉल्टेड' ही पदवी मिळाली, म्हणून त्याच मालिकेचे आधीचे अहवाल 'एच. एच.' (हिज हायनेस) खाली आणि नंतरचे 'एच. ई. एच.' (हिज एक्झॉल्टेड हायनेस) खाली असतात. दोन्ही टाकून पाहा, टिंबांसकट आणि टिंबांशिवाय. लातूर शोधू नका. लातूर जिल्हा 1982 चा, त्याआधीचं उस्मानाबादेत पाहा. जालना 1981 चा, तो औरंगाबादेत. हिंगोली 1999 चा, ती परभणीत. आणि यातलं काहीच जमलं नाही तर मामांना विचारा.

मामा म्हणजे निवृत्तीला आलेले परिचर. प्रत्येक ग्रंथालयात एक असतात, आणि ते रिटायर झाले की निम्मा कॅटलॉग त्यांच्यासोबत घरी जातो. मामांनी माझ्या चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "निजामाचे लाल पुट्ठे ना? वरल्या मजल्यावर, खिडकीकडचं कपाट, खालून दुसरा कप्पा. पन परवानगीचा कागद आना, सर. कुलूप आहे."

परवानगीच्या अर्जात एक रकाना होता: 'ग्रंथाचे शतक'. मी लिहिलं, विसावे. अर्ज आत गेला आणि पाऊण तासाने शेरा घेऊन बाहेर आला: 'नोंदीशी जुळत नाही.' दुपारचे दोन वाजत आले होते, अडीचला काउंटर जेवणासाठी बंद. मी विसावे खोडलं आणि चौदावे लिहिलं. पाच मिनिटांत सही झाली.

मग मामांनी पुस्तक आणलं, सोबत मळके सुती हातमोजे. खरं तर कागदाला हातमोजे नकोतच. बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि ठिसूळ कडा धाग्यात अडकून तुटतात. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे. मोजे फोटोंना आणि निगेटिव्हला. पण मोजे घातल्याशिवाय चौदावं शतक उघडत नव्हतं. घातले.

माझा तक्ता ज्या पानावर होता ते पान मध्येच फाटलेलं, आणि कुणीतरी मायेने त्यावर सेलोटेप लावलेला. त्याचा डिंक कागदात उतरून तपकिरी झाला होता, वरची पट्टी सुटून पडलेली, आणि परभणीचा अख्खा रकाना त्या डागाखाली. तिथे जपानी टिश्यूचा पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लागते, दोन्ही मिळून काही फार महाग नाही. तेवढी काळजी घ्यायला कुणाला सवड नाही. कुलूप लावायला, मोजे द्यायला आणि शतक विचारायला मात्र आहे.

तो मुलगा अजून खुर्चीच्या शोधात फिरत होता. माझ्या खांद्यावरून वाकला. मी मुद्दाम शीर्षकपान उघडलं. सालाच्या खालीच छापलेलं होतं, 6 ऑक्टोबर 1936 ते 5 ऑक्टोबर 1937. मोज्यातलं बोट मी त्या ओळीवर ठेवलं.

त्याने नीट वाचलं. विचार केला.

"सर," तो म्हणाला, "हे नंतर कुनीतरी छापलंय."