शाहू महाराजांनी बंद केलेली हजेरी

पुण्याच्या कल्याणीनगरात 19 मे 2024 च्या पहाटे सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळानं जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तेव्हापासून आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरच्या ग्रुपवर एकच सूर आहे: लाड बंद करा, सोळाव्या वर्षीच आत टाका. परवा भाच्यानं देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशींचा मोबाइल चोरणाऱ्या पोरावरून तेच लिहिलं. त्याला उत्तर द्यायला बसले आणि ते लांबत गेलं.

निबंधाचा संताप मलाही आला. ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना त्या निबंधात जागाच नव्हती. पण जीव जाणं वेगळं आणि मोबाइल, मोटरसायकल, गल्लीतली मारामारी वेगळी. खून, मनुष्यवधाचे खटले इथं न्यूझीलंडमध्येही वरच्या कोर्टातच जातात.

हॅमिल्टनमध्ये आमची डेअरी आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथं डेअरी म्हणतात. एका रात्री पंधरा वर्षांच्या मुलानं वीट मारून काच फोडली आणि सिगारेटी नेल्या. पोलिसांनी विचारलं, कुटुंबाच्या बैठकीला याल का? 1989 च्या इथल्या कायद्यानं ही बैठक आणली: मूल, त्याच्या घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो, सगळे एका खोलीत. मी नाहीच म्हणत होते. नवऱ्यानं नेलं.

माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, प्रार्थनेनं सुरुवात झाली. मी सांगितलं की त्या रात्रीपासून स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी मला धडकी भरते. पोरगा गालिच्याकडे बघत होता. त्याच्या आजीनं मानेवर हात ठेवून त्याचं तोंड वर केलं. तो म्हणाला, मागं कोणी झोपतं हे मला माहीत नव्हतं.

काचेचे थोडे पैसे, पुन्हा शाळा आणि शनिवारी आमच्याच दुकानात काम, असं ठरलं. पहिल्या शनिवारी गल्ल्याची किल्ली मी कमरेला बांधून फिरत होते. तिसऱ्या शनिवारी त्यानं न सांगता जुन्या तारखेचं दूध पुढं आणि नवं मागं लावलं. ठरलेलं सगळं त्यानं पूर्ण केलं आणि त्याच्या नावावर शिक्षा लागली नाही.

इथं सगळं आलबेल नाही. 2022 च्या सुमारास पोरं चोरलेल्या गाड्या दुकानांत घुसवत होती, आम्ही रात्र रात्र जागलो. 2024 मध्ये सरकारनं लष्करी शिस्तीच्या छावण्या पुन्हा सुरू केल्या. आणि कोर्टापर्यंत पोचणाऱ्यांत माओरी मुलंच फार, हे दुखणं जुनंच आहे.

पण बाळा, आपल्याकडं कायदा नाही असं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात लिहिलंय की शक्य तिथं मुलाला कोर्टाच्या वाटेवरून बाजूला काढा. 2016 च्या नियमांप्रमाणे घोर गुन्हा नसेल आणि मोठी माणसं सामील नसतील, तर एफआयआरही नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरचा सामाजिक अहवाल करायचा आणि मंडळाकडं पाठवायचा. कोठडी नाही, बेडी नाही.

तुझ्या बाबांच्या वर्गातला एकजण पंधराव्या वर्षी कुणाची तरी स्कूटर घेऊन रंकाळ्यावर फिरून आला होता. रात्रभर मार खाल्ला. पुढं पेठेत काहीही हरवलं की पोलीस त्यालाच उचलायचे, गणपती विसर्जनाला आदल्या दिवशीच नेऊन बसवायचे. विशीत तो खरोखरच चोऱ्या करायला लागला. तुझे बाबा अजून त्याचं नाव निघालं की गप्प होतात.

याच कोल्हापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जातींची पोलिसांपुढची रोजची हजेरी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी कामं दिली, राहायला जागा दिली. आपण त्या मोबाइलवाल्या पोराला पुन्हा हजेरी लावायला निघालोय.

आपल्या तालमीतले वस्ताद नुसते खाकरले तरी पोरं सरळ होतात. वस्ताद, पोराची आजी, बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि मावशी एका सतरंजीवर बसल्या, तर हॅमिल्टनच्या त्या खोलीपेक्षा काय कमी पडेल?

उद्या जाऊन एवढं कर. त्या पोराचा सामाजिक अहवाल झाला का, ते विचार. आणि मावशींना विचार, त्यांना त्याच्याकडून काय हवंय. ते अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.