धातू थंड नसतो, लोकर गरम नसते

मुलांना पदार्थांचे गुणधर्म शिकवणाऱ्या तक्त्यांत आणि फॉरवर्डमध्ये एक मांडणी सर्रास दिसते: धातू, काच, संगमरवर हे ‘थंड पदार्थ’, लाकूड, लोकर, थर्मोकोल हे ‘उबदार पदार्थ’. खात्री करायची तर हात लावून बघा, असंही सुचवलेलं असतं. कठीण-मऊ, खडबडीत-गुळगुळीत यांच्या रांगेत थंड-उबदार ही जोडीही बसवली की तक्ता छान भरतो. पण या मांडणीतलं एकही विधान तपासणीत टिकत नाही.

‘धातू हाताला गार लागतो, म्हणजे तो गारच असतो.’
एकाच खोलीत रात्रभर राहिलेला चमचा आणि लाकडी पट्टी यांचं तापमान सारखंच असतं. खोली २५ अंश सेल्सिअसला असेल, तर दोन्ही २५. तळहाताची त्वचा साधारण ३२-३३ अंशांवर असते, त्यामुळे उष्णता हातातून वस्तूत जाते. धातू ती झपाट्याने आत वाहून नेतो आणि त्वचा लगेच निवते. लाकडाचा पृष्ठभाग मात्र हाताखालीच तापतो, मग उष्णतेचा ओघ मंदावतो. त्वचेला स्वतःचं तापमान कळतं, वस्तूचं नाही. तापमापक म्हणून हात अगदीच बिनभरवशाचा.

उष्णतावाहकतेचे, म्हणजे पदार्थ उष्णता किती भरभर वाहून नेतो याचे, आकडेच पाहा (वॉट प्रति मीटर-केल्विन; आकडा मोठा तितका वेग जास्त): तांबं ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियम २३५ च्या, लाकूड ०.१ ते ०.२. स्टेनलेस स्टील जेमतेम १५. धातूंच्या वर्गातला तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी, तरी लाकडाच्या कितीतरी पुढे. स्पर्शाच्या जाणिवेत घनता आणि विशिष्ट उष्मा (ठरावीक वस्तुमान एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांचाही वाटा असतो, पण ते मोठ्या वर्गासाठी ठेवू.

तापमान मोजून बघणार असाल तर एक सावधगिरी: चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखू नका. असा पृष्ठभाग स्वतः फार कमी इन्फ्रारेड किरणं सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे आकडा चुकतो. टेकवून मोजायचा थर्मामीटर घ्या.

‘धातू थंड असल्याने त्यावर बर्फ जास्त टिकतो.’
बरोबर उलटं घडतं. सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे घ्या, एक ॲल्युमिनियमच्या जाड ताटलीवर आणि दुसरा लाकडी फळीवर ठेवा. ताटलीवरचा आधी वितळतो. हातातली उष्णता भरभर ओढून घेणारी ताटली बर्फाला ती तितक्याच भरभर पुरवते. प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. फळीवरचा खडा आधी वितळेल असं बहुतेक जण लिहितात, आणि बाजी उलटते.

‘लोकर ऊब निर्माण करते.’
मग लोकरीत गुंडाळलेला बर्फ लवकर वितळायला हवा. प्रत्यक्षात तो उघड्यावरच्या बर्फापेक्षा जास्त वेळ टिकतो. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि स्थिर हवेची वाहकता फक्त ०.०२५ च्या घरात. ती आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची आतही येऊ देत नाही. एक बारीकसा अपवाद आहे: कोरडी लोकर दमट हवेतली वाफ शोषताना थोडी उष्णता खरोखर बाहेर टाकते. पण ओलावा मुरला की ती थांबते, स्वेटर दिवसभर त्यावर चालत नाही.

‘निदान धातू थंड आणि अधातू उबदार, एवढं तरी खरं.’
तेही नाही. काच आणि संगमरवर हे कुठे धातू आहेत? हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, अधातू. पण चांगल्या हिऱ्याची वाहकता तांब्याच्या सुमारे पाचपट भरते. शिवाय परिसरच त्वचेपेक्षा गरम असला की सगळं पालटतं. उन्हात तापलेली लोखंडी कडी चटका देते, तेवढ्याच तापलेल्या लाकडी दांड्याला मात्र हात लावता येतो. सॉनामध्ये, म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेल्या खोलीत, ८० अंशांच्या हवेतही लोक लाकडी बाकावर निवांत बसतात. त्याच बाकात वर आलेला खिळा मात्र पोळतो.

तक्त्यातला रकाना खोडायची गरज नाही. ‘थंड’च्या जागी ‘उष्णता लवकर वाहून नेतो’ आणि ‘उबदार’च्या जागी ‘हळू वाहून नेतो’ लिहिलं की काम भागतं.