आरव म्हणजे शांत? कुणी सांगितलं?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात हल्ली कुठल्याबी बारशाला जावा, पाळण्यात एकतर आरव नायतर कियान, आणि अर्थ विचारला की लगेच मोबाईल पुढं! आरव म्हणजे शांत म्हणे. अहो, संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा! शब्दकोश उघडायला काय होतंय? रियान म्हणजे छोटा राजा, शुद्ध संस्कृत, असं छातीठोक सांगतात, ते आयर्लंडचं रायन आहे हो! कियान फारसी, जुन्या इराणी राजांशी जोडलेलं. परक्या भाषेतलं नाव ठेवा की, कोण अडवतंय, पण त्याला खोटं मूळ कशाला चिकटवता?

आणि आजोबाचं नाव यल्लाप्पा सांगताना मात्र मान खाली. का? सौंदत्तीची यल्लम्मा आणि कन्नडातला अप्पा म्हणजे बाप, इतकं सरळ मूळ आहे ते. परशराम हे नावबी तिच्याच मुलाचं. रवळू हे नाव रवळनाथ देवावरनं, मल्लाप्पा मल्लय्या देवावरनं. मराठी घरात कन्नड अप्पा कसा आला हे या नावांतच दिसतंय, दोन्ही भाषा इथं पिढ्यानपिढ्या एकत्र नांदल्यात म्हणून आला. पोराला सांगायला याहून चांगला अर्थ कुठला पाहिजे? मग लाज कशाची वाटते, सांगा की!