"टेबलाखाली बसलात की मेलात" म्हणणारा तो भूकंपाचा मेसेज

मोठ्या काकांनी फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज टाकलाय. कुठल्यातरी परदेशी बचावपथकाच्या प्रमुखाचे नियम म्हणे, सार एवढंच की भूकंपात टेबलाखाली शिरणारे चिरडून मरतात, त्यापेक्षा सोफ्याच्या नाहीतर पलंगाच्या शेजारी अंगाचं मुटकुळं करून पडा, तिथे त्रिकोणी पोकळी उरते, आणि हे मुलांना आजच शिकवा. त्या शेवटच्या ओळीमुळेच लिहितेय, कारण माझी आठ वर्षांची पोरगी शाळेतून बेंचखाली शिरायला शिकून आली आणि त्याच आठवड्यात आजोबांनी तिला सांगितलं, बेंचखाली अजिबात जायचं नाही. आता जमीन हलली की ही उभी राहून विचार करत बसणार.

आधी तो प्रमुख. डग कॉप नाव त्याचं, मेसेज वीसेक वर्षं फिरतोय आणि अमेरिकन रेडक्रॉसने २००४ मध्येच तो खोडून काढलाय. पुरावा काय, तर १९९६ साली तुर्कस्तानात एका इमारतीत पुतळे ठेवून केलेला प्रयोग. पण तिथे इमारत हलवलीच नव्हती हो, खांब तोडून खाली बसवली होती! भूकंपात आधी सगळं गदागदा हलतं, आणि बहुतेक पक्क्या इमारती पडतही नाहीत, माणसं जखमी होतात ती कपाट, टीव्ही, काचा, माळ्यावरचे डबे अंगावर येऊन. मग जड कपाटाच्या शेजारी उघड्यावर झोपायचं?

बरं, पोकळी उरते हे खोटं नाही. पण ती कुठे उरली हे ढिगारा उपसल्यावर कळतं, आधी नाही. हलताना सोफा कुठल्या कुठे सरकलेला असतो.

काका यावर किल्लारी काढतात, की खाटेखालचेही गेलेच ना. गेले. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चारला थोडी कमी, लोक गाढ झोपेत, आणि घरं कशी तर दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. ते खाली आलं की मातीच भरते सगळीकडे, पोकळीबिकळी काही नाही, म्हणजे खाटेशेजारी पडलेलाही वाचत नाही. उलट किल्लारी या मेसेजच्याच विरोधात जाते. अशा घरात दाराजवळ असाल तर सरळ बाहेर मोकळ्यात पळणं बरं, आणि खरा उपाय म्हणजे घर मजबूत करणं. फ्लॅटचा नियम वेगळा आणि माळवदाच्या घराचा वेगळा, मुलांना आपलं घर कसलं आहे तेही सांगायला पाहिजे (आमच्या गावच्या घरी सुट्टीत पोरगी जाते, तिला तिथलं दार कुठे ते दाखवलंय).

मग मेसेज म्हणतो, झोपेत असाल तर लोळून पलंगाशेजारी जमिनीवर उतरा. अंधार, लाईट गेलेली, फरशीवर काचा, पाय अनवाणी. त्यापेक्षा पलंगावरच पालथं व्हायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर. फक्त डोक्याशी कपाट किंवा जड फ्रेम असेल तर ती आजच हलवा, आम्ही हलवली, भिंतीवर चौकोनी डाग दिसतोय आता.

गाडीत असाल तर उतरून शेजारी झोपा, हा मेसेजमधला नियम तर सोडाच. १९८९ च्या भूकंपात अमेरिकेत ओकलंडला डबलडेकर पुलाचा वरचा मजला खालच्यावर कोसळला होता, त्यावरून काढलेला नियम आहे तो. साधं सांगायचं तर गाडी पूल, झाडं, तारांपासून लांब थांबवा आणि आतच बसा.

दाराच्या चौकटीत उभं राहू नका, जिन्यावर धावू नका, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, तेवढं मान्य.

राहिलं शिकवायचं. २०२४ च्या १० जुलैला सकाळी हिंगोलीचा ४.५ चा धक्का बसला तेव्हा नांदेड-परभणीकडे लोक थेट रस्त्यावर आले, मुलं मोठ्यांच्या मागे. मी पोरीला तीनच शब्द दिलेत, वाका, झाका, धरा. पहिल्यांदा ती टेबलाखाली नुसती बसली, मी टेबल ढकललं तर ते गुळगुळीत फरशीवरून पुढे गेलं आणि बाईसाहेब उघड्या! तेव्हा कळलं "धरा" कशाला. आता एका हाताने पाय पकडते, दुसरा मानेवर, टेबल सरकलं की तीही गुडघ्यांवर सरकत जाते.

रविवारी काकांना बोलावलंय. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे टेबल त्यांच्यासाठी नाहीच, खुर्चीत बसूनच पुढे वाकायचं आणि डोकं-मान हातांनी नाहीतर उशीने झाकायची. ते पोरगीच शिकवणार आहे त्यांना.