सिलिकॉन पुरेसं का नाही: ‘डेकमधलं पाणी’ लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेखात माझं म्हणणं असं होतं: फायबरच्या बोटीचा डेक (वरचा पृष्ठभाग) म्हणजे फायबरच्या दोन कातड्या आणि मधे बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा. डेकवर बोल्टने बसवलेल्या फिटिंगखाली नुसतं सिलिकॉन, म्हणजे फट बुजवणारा सीलंट, भरून भागत नाही; भोकातून पाणी गाभ्यात मुरतं, म्हणून भोकाभोवतीचा गाभा कोरून तिथे इपॉक्सी (वाळून कडक होणारं रेझिन) भरावं. तुमचे आक्षेप तीन आहेत. वीस वर्षं तुम्ही प्रत्येक फिटिंगखाली सिलिकॉन भरत आलात आणि बोट शाबूत आहे. लाकडी गाभ्याची, नौदलाची शिडाची बोट ‘म्हादेई’ पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, मग गाभ्याचा एवढा बाऊ कशाला? आणि ओल्या गाभ्यावर इपॉक्सी ओतायला सांगून मी नवख्यांचं नुकसान करतोय.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘गाभा कोरा आणि इपॉक्सी भरा’ एवढंच मी लिहिलं. गाभा आधी पूर्ण कोरडा हवा, हे लिहायचं राहिलं. ओल्या बाल्सावर इपॉक्सी धरत नाही आणि आतलं पाणी कायमचं कोंडलं जातं. लेखात आज दुरुस्ती केली आहे. भोकातून गरम हवा सोडून बाल्सा वाळेल, या आशेवरही राहू नये. मी आठवडाभर ते करून पाहिलं. भोकाची कड कोरडी झाली, चार बोटं पलीकडे ओल तशीच होती. ओल पसरली असेल तिथवर वरची फायबरची कातडी कापून, कुजका गाभा खरवडून नवा बसवावा लागतो. आपल्याकडे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करावं.

म्हादेईबद्दल आपला वाद नाहीच. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ती बोट 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने जगभर नेली. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच कुठेही न थांबता फिरून आले. गाभ्यात लाकूड असणं हा दोष नव्हेच. तेवढंच फायबर दोन कातड्यांत वाटून मधल्या गाभ्याने जाडी दुप्पट केली, की ताठपणा सुमारे सातपट होतो आणि वजन जेमतेम वाढतं. पण दोन्ही कातड्या गाभ्याला घट्ट चिकटलेल्या आहेत तोवरच हा हिशोब खरा.

आता सिलिकॉन. माझी बोट जुनी जे-24 (एक छोटी शिडाची बोट) आहे, हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेक दोन्ही बाल्साच्या गाभ्याचे. या बाल्साचे तंतू कातडीला काटकोनात उभे असतात, म्हणून पाणी आडवं हळूहळू सरकतं. तुमची वीस वर्षं निभावली त्यात याचा वाटा असू शकतो. पण डेकच्या वळणावर बसावा म्हणून बाल्साचा तक्ता छोट्या चौकोनांत कापलेला असतो. त्या चिरांत रेझिन नीट उतरलं नसेल, तर त्याच पाण्याच्या नाळ्या होतात.

मुंबईत आपण मुरिंगवरच्या (पाण्यातच नांगरून ठेवलेल्या) बोटीत डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, चढतो आणि चढताना प्रत्येक जण स्टँचनला (डेकच्या कडेच्या कठड्याच्या उभ्या दांड्याला) धरतो. तो दांडा तरफेसारखा काम करतो, बूड केसभर हलतं आणि खालचा सीलंट सुटतो. तिथून शिरणारं समुद्राचं पाणी त्यातल्या त्यात बरं; कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. खरा घात जूननंतर होतो. बोट काठावर ओढलेली, ताडपत्री वाऱ्याने सरकलेली आणि चार महिन्यांत डेकवर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास गोडं पाणी. माझ्या चेनप्लेटचा (डोलकाठीचे ताणदोर अडकवायच्या पट्टीचा) बोल्ट ऑक्टोबरमध्ये काढला तेव्हा भोकातून कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी आलं होतं.

सीलंट कोणताही असो, कधीतरी सुटणारच. म्हणून आधी गाभ्याची कड बंद करायची. ड्रिलमध्ये वाकवलेली ॲलन की (षटकोनी किल्ली) लावून भोकाभोवतीचा बाल्सा साधारण बोटाच्या रुंदीएवढा कोरायचा आणि खालून टेप लावायची. आधी पातळ इपॉक्सी लावून मग सिलिकाची पूड घातलेलं घट्ट इपॉक्सी भरायचं. ते वाळल्यावर पुन्हा भोक पाडायचं. पुढे सीलंट सुटलाच, तर पाणी केबिनमध्ये टपकेल आणि तुम्हाला दिसेल. गाभ्यात मुरणारं पाणी दिसत नाही, म्हणून माझा जीव एवढा तुटतो.

सिलिकॉन मी आणखी एका कारणाने टाळतो: त्याचा राहिलेला तवंग पुढच्या खेपेला काहीच चिकटू देत नाही. डेकवर ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा, भोकाची वरची कड थोडी तिरकी कापा आणि बोल्ट दोन-तीन दिवस थोडा थोडा आवळा. डिझेल भरायच्या तोंडाशी मात्र ब्युटाइल नको, इंधनाने ते विरघळतं; तिथे पॉलिसल्फाइड सीलंट. पाण्याखालच्या हलमधल्या भोकांभोवती गाभाच नको, तिथे भरीव फायबर हवं.

तुमच्या बोटीबद्दल मी इथे बसून निकाल देणार नाही. या हंगामात डिंगीच्या बाजूच्या एका स्टँचनचा बोल्ट काढा, टोक वाकवलेली तार आत घालून गाभा खरवडा. फिकट कोरडा भुसा आला, तर तुमच्या बोटीपुरतं तुमचं म्हणणं खरं. काळपट, ओला लगदा आला तर लगेच कळवा; वरची कातडी कुठवर कापायची ते मडकं वाजवून घ्यावं तसं डेकवर ठोकून ठरवता येतं. शनिवारी मी येऊ शकतो.