एका इन्स्टॉलेशनवर अनेक ब्लॉग: ग्रुपांवर फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

गोव्यातल्या नाट्यमंडळांच्या, वाचनालयांच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्डप्रेस (वेबसाइट चालवण्याचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर एकदाच बसवून, म्हणजे एकाच इन्स्टॉलेशनवर, सबडोमेन (मुख्य पत्त्याच्या आधी जोडलेलं संस्थेचं नाव) काढून अनेक संस्थांचे ब्लॉग चालवू नका. सगळ्यांचा मजकूर एकत्र कालवला जातो आणि उद्या वेगळं व्हायचं म्हटलं तर हाती काही लागत नाही. एक साइट हॅक झाली की सगळ्या हॅक, एक बंद पडली की सगळ्या बंद. सबडोमेनला गूगल विचारत नाही. शिवाय चावी, म्हणजे सगळ्या साइटींचा ताबा, ज्याच्या हातात, तोच सगळ्यांचा मालक. म्हणून प्रत्येक मंडळाने स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता), स्वतःचं होस्टिंग (सर्व्हरवरची भाड्याची जागा) आणि स्वतःचं इन्स्टॉलेशन घ्यावं.

फोंडा आणि डिचोली तालुक्यांतल्या काही संस्थांचे ब्लॉग मी असेच एका इन्स्टॉलेशनवर सांभाळतो. हा संदेश वाचून त्यांतल्या काहींच्या कार्यकारिणीत बाहेर पडण्याची चर्चा सुरू झाली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. संदेशातलं सगळंच खोटं नाही. चावीचा मुद्दा तर अगदी रास्त आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मनावर घेतला तर लहान मराठी संस्थांचं नुकसान होईल असं मला मनापासून वाटतं.

आधी मजकूर कालवला जाण्याबद्दल, कारण या समजुतीवर बाकीची भीती उभी आहे.

मल्टिसाइट, म्हणजे एका इन्स्टॉलेशनवर अनेक साइटी चालवण्याची सोय, ही कुणी बाहेरून चिकटवलेली जोडजमव नाही. जून २०१० मध्ये वर्डप्रेसची ३.० आवृत्ती आली, तेव्हा तोवर वेगळा चालणारा ‘वर्डप्रेस एमयू’ हा प्रकल्प मूळ सॉफ्टवेअरमध्येच विलीन झाला. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा २००५ पासून याच तत्त्वावर लाखो ब्लॉग चालवत आली आहे, प्रत्येकाला आपापला सबडोमेन देऊन.

आत काय असतं ते डेटाबेस उघडून बघितलं की लगेच कळतं. नवी साइट काढली की तिच्यासाठी दहा वेगळे तक्ते तयार होतात: लेखांचा, प्रतिक्रियांचा, वर्गवारीचा, सेटिंग्जचा वगैरे. प्रत्येक तक्त्याच्या नावात त्या साइटचा क्रमांक असतो. वाचनालयाची साइट चौथी असेल तर तिच्या दहाही तक्त्यांच्या नावात ४ हा आकडा दिसतो, आणि भजनी मंडळाची पाचवी असेल तर तिच्या तक्त्यांत ५. फोटोंचंही तसंच. अपलोड्सच्या फोल्डरात ‘साइट्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ४ क्रमांकाचं फोल्डर, आणि त्यात वाचनालयाचेच फोटो वर्ष-महिन्यानुसार लावलेले. सामायिक असतात ते मुख्यतः सदस्यांचे दोन तक्ते, म्हणजे लॉगिनची नावं आणि पासवर्ड. तिथेही कोणाला काय अधिकार आहे याची नोंद साइटगणिक वेगळी असते. भजनी मंडळाच्या साइटवरचा संपादक वाचनालयाच्या साइटवर कोणीही नसतो.

मग वेगळं होताना हाती काय लागतं? सगळं लागतं, पण दोन वेगवेगळ्या मार्गांनी, आणि त्यांतला फरक मंडळांना कोणी सांगत नाही. पहिला मार्ग म्हणजे ‘साधने’मधली निर्यात. एक फाइल उतरते, तिच्यात लेख, पानं, प्रतिक्रिया आणि वर्गवारी येतात. फोटो मात्र त्या फाइलमध्ये नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. नव्या जागी आयात करताना फोटो जुन्या जागेवरून ओढून घेतले जातात, म्हणून तेव्हा जुनी साइट चालू असायलाच हवी. आधी जुनी साइट बंद केली आणि मग आयात केली, तर लेख येतात आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी राहतात. ‘हाती काही लागलं नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. दुसरा मार्ग थेट तक्ते आणि फोटोंचं फोल्डर उचलून नेण्याचा. त्यात साइटची मांडणी आणि सेटिंग्जही येतात, फक्त तक्त्यांची नावं आणि आतले पत्ते बदलून घ्यावे लागतात. जाणत्या माणसाला ते कठीण नाही.

आता हॅकिंग. संदेशातला हा सगळ्यात घाबरवणारा मुद्दा, आणि अर्धा खरा. मल्टिसाइटमध्ये सगळ्या साइटींचा कोड एकच असतो. एखाद्या प्लगिनमध्ये (वरून जोडलेल्या जादा सोयीच्या कोडमध्ये) भगदाड असेल तर ते सर्वांना लागू होतं. हे मान्य.

पण संदेश ज्याला पर्याय म्हणतो त्याकडे नीट बघूया. गोव्यातली लहान मंडळं स्वतंत्र सर्व्हर घेत नाहीत. ती स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवरची जागा) घेतात, आणि पुष्कळदा गावातला एखादा वेबवाला मुलगा आपल्या एकाच खात्यात पाच-सात मंडळांची वेगवेगळी इन्स्टॉलेशन्स बसवून देतो. कागदावर ती स्वतंत्र दिसतात. सर्व्हरच्या लेखी मात्र ती एकाच वापरकर्त्याची फोल्डरं असतात. त्यांतल्या एकात घुसलेला कोड शेजारच्या फोल्डरांत लिहू शकतो. म्हणजे संसर्ग तसाच पसरतो, आणि वर साफसफाई मात्र सात ठिकाणी करावी लागते.

त्याहून मोठी गोष्ट अपडेटची. हल्ले बहुतांशी जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगिनांतून होतात. मंडळाची साइट जत्रेच्या आधी सजते, नाटकाचे फोटो चढतात, आणि मग पुढच्या जत्रेपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. ज्याला पासवर्ड माहीत होता तो नोकरीसाठी पुण्याला किंवा आखातात गेलेला असतो. अशी साइट स्वतंत्र असली तरी सुरक्षित नसते, फक्त एकटी असते. एका इन्स्टॉलेशनवर कोड एकदा अपडेट केला की तो सर्वांसाठी अपडेट होतो. त्यानंतर नेटवर्क (म्हणजे त्या इन्स्टॉलेशनवरच्या सगळ्या साइटी) अपग्रेडचं बटण दाबलं की प्रत्येक साइटचा डेटाबेस ओळीने नव्या आवृत्तीशी जुळवला जातो.

शिवाय मल्टिसाइटमध्ये साइटच्या प्रशासकाला नवं प्लगिन किंवा थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) बसवता येत नाही. ते फक्त सुपर अ‍ॅडमिनला, म्हणजे अख्ख्या नेटवर्कच्या मुख्य प्रशासकाला, जमतं. लेखात परका स्क्रिप्ट कोड घालण्याचीही साइटच्या प्रशासकाला मुभा नसते. मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्याने कुठून तरी ‘फुकट’ मिळालेली थीम चढवली, असा प्रकार इथे दारातच अडतो. कार्यकर्त्यांना याचा जाच वाटतो हे मी जाणतो. तरीही हे बंधन मला हवं आहे.

‘एक बंद तर सगळ्या बंद’ याला उत्तर लहान आहे. सर्व्हर बसला तर सगळ्या बसतात, हो. पण एकाच साइटमध्ये बिघाड असेल तर तेवढीच निष्क्रिय किंवा आर्काइव्ह करता येते, बाकीच्या चालू राहतात. खरा धोका बॅकअप परत बसवताना असतो, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. एका मंडळाचे लेख चुकून उडाले आणि सांभाळणाऱ्याने घाईत अख्खा डेटाबेस कालच्या बॅकअपवरून परत बसवला, तर इतर सगळ्या संस्थांचा आजचा मजकूर जातो. म्हणून बॅकअप साइटवार वेगळा घेता आला पाहिजे आणि परत बसवताना त्याच साइटचे दहा तक्ते आणि तिचंच फोल्डर उचललं पाहिजे. जो हे करत नाही त्याच्या नेटवर्कवर जाऊ नका, असा संदेश कोणी लिहिला तर मी स्वतः तो पुढे पाठवेन.

गूगलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सबडोमेन असो की उपफोल्डर (मुख्य पत्त्यानंतर तिरप्या रेघेपुढे जोडलेलं नाव), शोधासाठी दोन्ही चालतात हे गूगलच्या लोकांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. २०१९ पासून सर्च कन्सोलमध्ये (साइट सांभाळणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात) अख्ख्या डोमेनची एकत्र नोंद करता येते, त्यात सगळे सबडोमेन येतात. दशावताराबद्दल पेडण्याच्या माणसाने तपशिलात लिहिलं तर ते सापडतं. वर्षभर काहीच लिहिलं नाही तर स्वतःचं डोमेन असूनही सापडत नाही. आणि एखाद्या संस्थेला स्वतःचं डोमेन हवंच असेल तर त्यासाठी वेगळं इन्स्टॉलेशन लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या ४.५ आवृत्तीपासून नेटवर्कमधल्या साइटला तिचं स्वतःचं डोमेन मूळ सॉफ्टवेअरमध्येच जोडता येतं.

इथे एक गोव्याची अडचण सांगतो, कारण ती आधी कळलेली बरी. सबडोमेनच्या नावात वर्डप्रेस देवनागरी घेत नाही, रोमन अक्षरंच लागतात. मग रोमनमध्ये डिचोली लिहायचं की बिचोलिम, साखळी की सांकेलिम, यावर कार्यकारिणीत वाद होतो. तो वाद साइट काढण्याआधी मिटवा. नंतर नाव बदललं तर लेखांच्या आतले सगळे दुवे बदलून घ्यावे लागतात.

संदेशात एसएसएलचाही (साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचाही) उल्लेख आहे, की प्रत्येक सबडोमेनसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. मार्च २०१८ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही प्रमाणपत्रं देणारी सेवा सगळ्या सबडोमेनांना मिळून एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र मोफत देतं. त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदवहीत) नोंद करून डोमेन आपलंच असल्याचं सिद्ध करावं लागतं. डीएनएसमध्येही तारांकित (सगळ्या सबडोमेनांना लागू होणारी) नोंद एकदाच करायची, मग नव्या साइटसाठी तिथे पुन्हा हात लावावा लागत नाही. फक्त होस्टिंगवाला वाइल्डकार्ड सबडोमेन चालू देतो ना, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. सगळेच देत नाहीत.

फोटो चढत नाहीत, ‘सिस्टीमच कमकुवत आहे’ अशीही तक्रार त्या संदेशात आहे. मल्टिसाइटमध्ये एका फाइलची मर्यादा सुरुवातीला १५०० केबी असते. मोबाइलवर काढलेला नाटकाचा फोटो सहज त्याहून मोठा भरतो आणि नाकारला जातो. नेटवर्क सेटिंग्जमध्ये एक आकडा बदलला की प्रश्न सुटतो, होस्टिंगची स्वतःची मर्यादा आड आली नाही तर.

आता चावी. सुपर अ‍ॅडमिन कुठल्याही साइटमध्ये शिरू शकतो, अप्रकाशित मसुदे वाचू शकतो, साइट कायमची काढून टाकू शकतो. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असणं चांगलं नाही, आणि मी स्वतः ती सत्ता धरून असल्यामुळे हे जास्त ठामपणे म्हणतो. संदेश लिहिणाऱ्याची काळजी इथे शंभर टक्के खरी आहे.

पण स्वतंत्र इन्स्टॉलेशन घेतल्याने ही सत्ता मंडळाकडे येते का? माझ्या पाहण्यातल्या एका नाट्यमंडळाची साइट पूर्ण स्वतंत्र होती. डोमेन होस्टिंगवाल्या ओळखीच्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेलं, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच मेलवर जात होत्या. तो व्यवसाय सोडून गेला, डोमेनची मुदत संपली आणि कुणा तिऱ्हाइताने ते घेतलं. जुन्या उत्सवी नाटकांच्या जाहिरातपत्रिका, नेपथ्याचे फोटो, आता हयात नसलेल्या नटांच्या आठवणी, सगळं गेलं. तिथे सुपर अ‍ॅडमिन नव्हता, मल्टिसाइट नव्हतं. कागदच नव्हता.

म्हणून मंडळांनी आग्रह धरायचा तो कागदाचा. डोमेन व्यक्तीच्या नव्हे, नोंदणीकृत संस्थेच्या नावावर असावं आणि नूतनीकरणाचा मेल निदान दोन पदाधिकाऱ्यांना जावा. सुपर अ‍ॅडमिन एकापेक्षा जास्त असावेत आणि ते वेगवेगळ्या संस्थांतले असावेत. प्रत्येक मंडळाने आपली निर्यात फाइल आणि फोटोंचं फोल्डर ठरावीक काळाने मागून घ्यावं आणि सचिवाकडे इतिवृत्ताच्या वहीसोबत ठेवावं. सहमतीशिवाय कुठलीही साइट काढून टाकता येणार नाही, हे लेखी असावं. हे चार करार झाले तर एकत्र राहण्यात भीती नाही. झाले नाहीत तर वेगळं राहूनही काही वाचत नाही.

वेगळं इन्स्टॉलेशन योग्य ठरेल अशा संस्था आहेतच. ज्यांना ऑनलाइन तिकीटविक्री करायची आहे, देणग्या घ्यायच्या आहेत, किंवा इतरांना नको असलेली प्लगिनं हवी आहेत, त्यांनी जरूर बाहेर पडावं. सदस्यांची खासगी माहिती मोठ्या प्रमाणावर साठवणाऱ्या संस्थेनेही सामायिक डेटाबेसमध्ये राहू नये. फक्त स्वतःकडे अपडेट करणारा माणूस आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

बाहेर पडताना क्रम चुकवू नका. आधी नवी जागा घ्या आणि जुनी साइट चालू असतानाच आयात करा. मग जुने लेख उघडून फोटो खरंच नव्या जागेवरून दिसतात का ते तपासा, फोटोचा पत्ता जुन्या सबडोमेनचा तर नाही ना हे बघा. त्यानंतरच जुना सबडोमेन ३०१ च्या कायमच्या पुनर्निर्देशनाने नव्या पत्त्याकडे वळवायला सांगा, आणि ते निदान वर्षभर चालू ठेवायला सांगा, म्हणजे ग्रुपांवर आणि शोधात पसरलेले जुने दुवे तोवर नव्या जागी पोचत राहतील.