बॅकफ्लिपवरची बंदी सुर्या बोनालीमुळे आली नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, फोटोसकट. त्यात म्हटलंय की 1998 च्या ऑलिम्पिकमध्ये सुर्या बोनाली या फ्रान्सच्या कृष्णवर्णीय फिगर स्केटरने बर्फावर बॅकफ्लिप, म्हणजे मागे उलटी कोलांटी मारली, गोऱ्यांना ती जमत नव्हती म्हणून लगेच त्या उडीवर बंदी आणली आणि सुर्याचं गोल्ड हिसकावलं. शिवाय ती आफ्रिकेजवळच्या बेटावर जन्मलेली, या खेळातली पहिली कृष्णवर्णीय, आणि तिला आयुष्यात एकही मेडल मिळू दिलं नाही. माझी भाची रोलर स्केटिंग शिकते, तिने हे शाळेतल्या भाषणासाठी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं आणि मी अडवलं तर म्हणते मावशी, एवढ्या लोकांनी पाठवलंय, खोटं कसं असेल? म्हणून बसून लिहितेय.

बंदीचं आधी. टेरी कुबिका नावाच्या गोऱ्या अमेरिकन स्केटरने 1976 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये बॅकफ्लिप मारली, आणि त्यानंतर लगेचच आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने कोलांटीच्या सगळ्या उड्या स्पर्धेतून बाद केल्या. त्याचं फुटेज आहे, कोणीही बघावं. एक तर डोक्यावर पडायची भीती, आणि दुसरं म्हणजे या खेळात उडी एका ब्लेडवर उतरवायची असते, बॅकफ्लिप सहसा दोन पायांवर उतरते. सुर्या तेव्हा दोन वर्षांची होती! आणि गोऱ्यांना जमत नव्हती हे तर कुठून काढलं? 1984 चा ऑलिम्पिक विजेता स्कॉट हॅमिल्टन नंतर शोमध्ये ती सर्रास मारायचा, बंदी फक्त स्पर्धेत होती.

मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण ही तारीख बदलली की बाईची हिंमतच पुसली जाते. 1998 च्या त्या ऑलिम्पिकला, जपानमधल्या नागानोत, ती दुखापत घेऊन उतरली होती, 1996 मध्ये तिच्या टाचेची शीर तुटली होती. शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे स्पर्धेची पहिली छोटी फेरी, तिच्यानंतर ती सहावी होती, म्हणजे गोल्ड तसंही हातात नव्हतं. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, ती पडली, ठरवलेल्या उड्या होईनात, आणि मग तिने ती उडी मारली जी बाद आहे आणि जिचे मार्क कापले जाणार हे तिला पक्कं माहीत होतं. मागे झेप, पूर्ण कोलांटी, आणि उतरली ती एकाच पायावर, म्हणजे दोन पायांचा आक्षेपच तिने तिथल्या तिथे मोडून काढला. शेवटी परीक्षकांकडे पाठ करून प्रेक्षकांसमोर उभी राहिली. दहावी आली. ती नियम माहीत असून, विचार करून मोडणारी खेळाडू होती आणि मेसेजवाले तिला नुसती बिचारी करून ठेवतात.

आणि बंदी उठली कशी तेही ऐका. 2024 च्या जानेवारीत फ्रान्सच्याच अ‍ॅडम सिआओ हिम फाने युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये बॅकफ्लिप मारली, दोन पॉइंट कापले गेले तरी जिंकला. मार्चमध्ये वर्ल्ड्सला, म्हणजे जागतिक स्पर्धेत, शॉर्ट प्रोग्रॅमनंतर एकोणिसावा होता, पुन्हा बॅकफ्लिप मारून ब्राँझ घेऊन गेला. त्याच वर्षी जूनमध्ये युनियनने बंदी काढली.

सुर्याला एकही मेडल मिळू दिलं नाही हे तर वाचवतही नाही. 1991 ते 1995 सलग पाच वेळा युरोपियन चॅम्पियन, 1993, 94, 95 तिन्ही वर्षं वर्ल्ड्सला सिल्व्हर. ऑलिम्पिकचं मेडल नाही हे खरं, 1994 ला चौथी आली होती. जन्म फ्रान्समधल्या नीस शहरातला. बेटाची गोष्ट तिच्या त्या वेळच्या कोचने पेपरवाल्यांना रंगवून सांगितली होती, ती अजून चाललीय.

आता एक मात्र मान्य करावं लागेल. तिच्यावर अन्याय झाला ही भावना हवेतली नाही. परीक्षकांच्या आवडीनिवडीवर चालणारा खेळ, आणि तिची ताकदीची, जिम्नॅस्टिक्समधून आलेली शैली अनेकांना 'नाजूक' वाटायची नाही, त्यात रंगाचा भाग किती हे कुठल्या मार्कांच्या कागदावर लिहिलेलं नसतं. 1994 च्या वर्ल्ड्सला जपानमध्ये युका सातोकडून अगदी थोडक्यात हरली तेव्हा आधी पोडियमवर चढलीच नाही, बाजूला खाली उभी राहिली, मग गळ्यात घातलेलं सिल्व्हर काढून टाकलं आणि लोकांनी हुर्यो उडवली. अन्यायावरच बोलायचं तर या प्रसंगावर बोला, तो खरा आहे.

राहिलं 'पहिली कृष्णवर्णीय'. अमेरिकेची कृष्णवर्णीय डेबी थॉमस 1986 ची वर्ल्ड चॅम्पियन, 1988 ला कॅलगरीत ऑलिम्पिक ब्राँझ. आणि तिच्याही कितीतरी आधी मेबल फेअरबँक्स, ज्यांना 1930 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रंगामुळे रिंकवरून, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावरून, परत पाठवलं जायचं, स्पर्धेत तर कधीच उतरू दिलं नाही. त्यांनी पुढे लॉस एंजेलिसमध्ये मुलं शिकवली, ताय बाबिलोनिया आणि रँडी गार्डनर यांची जोडी त्यांनीच जमवली, ती जोडी 1979 मध्ये जगज्जेती झाली. फेअरबँक्सबाईंना अमेरिकेच्या फिगर स्केटिंग हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला 1997 उजाडलं, आणि या मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही.